रिंग जाते, मग आवाज कुठे जातो?

गेल्या वेळी शेवटी मी सहज एक ओळ टाकली होती, की कॉम्प्युटरवरून किंवा अ‍ॅपवरून इंटरनेट फोन वापरत असाल आणि काही अडत असेल तर कळवा. झालं, मेलबॉक्स भरला :) सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून ज्यांचं दुखणं बऱ्याच जणांचं आहे तेवढेच प्रश्न घेतोय. आणि एक आधीच सांगून टाकतो, जवळजवळ प्रत्येक पत्रात "अ‍ॅप काढून परत टाकलं तरी तेच" हे वाक्य आहेच. अहो, अ‍ॅप काढून टाकून सुटणारे प्रॉब्लेम फार थोडे असतात. त्यापेक्षा कॉल कुठे अडला ते बघा, रिंग जायच्या आधीच, की उचलल्यावर, की बोलता बोलता मध्येच. तेवढं नीट बघितलं तरी अर्धं काम होतं.

प्रश्न : दादा, मी घरून काम करते, ऑफिसने लॅपटॉपवर सॉफ्टफोन (कॉम्प्युटरवरच फोन करायचं अ‍ॅप) टाकून दिलाय. कॉल लागतो, समोरच्याला माझं बोलणं ऐकू जातं पण मला काहीच ऐकू येत नाही, नुसती शांतता. हेडसेट बदलला, अ‍ॅप तीनदा टाकलं. मोबाईलचा हॉटस्पॉट लावला की मात्र सगळं नीट चालतं. हे काय आहे?

ताई, तुम्ही प्रश्नातच उत्तर लिहून पाठवलंय. हॉटस्पॉटवर चालतं म्हणजे अकाउंट बरोबर, अ‍ॅप बरोबर, जुना हेडसेटपण बरोबर होता (तो टाकून दिला नसेल तर बरं). बिघाड घरच्या राउटरमध्ये किंवा त्याच्या पुढच्या नेटवर्कमध्ये आहे.

आता हे असं अर्धंच का बिघडतं ते सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे प्रॉब्लेम स्वतःच ओळखता येतात. आपल्याला वाटतं कॉल म्हणजे एकच गोष्ट. पण इंटरनेट फोनमध्ये दोन वेगळी कामं दोन वेगळ्या वाटांनी चालतात. एक म्हणजे निरोप, अमक्याला फोन लाव, वाजतोय, उचलला, ठेवला. ही निरोपांची भाषा म्हणजे एसआयपी, ती बहुतेक वेळा ५०६० नंबरच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे नेटवर्कमधलं नंबर दिलेलं दार) जाते. आणि दुसरा म्हणजे खरा आवाज, तो आरटीपी नावाच्या पद्धतीने छोट्या छोट्या पॅकेटमध्ये, वेगळ्याच पोर्टवरून जातो, आणि ते पोर्ट कॉलगणिक बदलतात. निरोप पोचला म्हणून माल पोचेलच असं काही नाही. तुमच्याकडे निरोप पोचतोय, म्हणून रिंग जाते. माल एका बाजूने अडकलाय.

का अडकलाय? कॉल लावताना तुमचा सॉफ्टफोन निरोपाच्या आत एक पत्ता लिहून पाठवतो, "माझ्यासाठीचा आवाज या पत्त्यावर टाका". तो बिचारा काय लिहितो तर त्याला माहीत असलेला पत्ता, म्हणजे १९२.१६८ ने सुरू होणारा. हा पत्ता फक्त घरातल्या घरात चालतो, जगात लाखो घरांत हाच नंबर असतो. बाहेरचा सर्व्हर त्या पत्त्यावर आवाज पाठवतो आणि तो कुठेच पोचत नाही. तुमचा आवाज मात्र जातो कारण सर्व्हरचा पत्ता खरा, बाहेरचा आहे. म्हणून एकतर्फी. बरेचसे सर्व्हर आता शहाणे झालेत, लिहिलेल्या पत्त्याकडे दुर्लक्ष करतात आणि जिकडून तुमचा आवाज आला तिकडेच उलट पाठवतात, पण सगळेच नाही.

तर करायचं काय. पहिलं, राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन एसआयपी एएलजी नावाचं काही दिसतंय का बघा आणि बंद करा, राउटर बंद करून चालू करा, मग कॉल लावा. ही सोय मुळात मदतीसाठी दिलेली, राउटर तुमच्या निरोपात डोकावतो आणि तो घरातला पत्ता खोडून बाहेरचा लिहितो. कल्पना छान, पण बऱ्याच राउटरमध्ये हे काम इतकं अर्धवट केलेलं असतं की एक पत्ता बदलतो, दुसरा तसाच राहतो, आणि सॉफ्टफोनने किंवा सर्व्हरने आधीच केलेली दुरुस्तीपण बिघडवून ठेवतो. न विचारता मदत करणारे लोक असतात ना, तसलं. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही एक सेटिंग बंद करून मिटलेल्या भरपूर आहेत, म्हणून मी आधी हीच सांगतो.

ते सेटिंग सापडलं नाही (काही राउटरमध्ये लपवलेलं असतं, काहींमध्ये नसतंच) तर सॉफ्टफोनमध्ये ट्रान्सपोर्ट म्हणून यूडीपी (पोचल्याची पावती न घेता पॅकेट पाठवायची पद्धत) असेल तिथे टीएलएस करून बघा, सर्व्हरने परवानगी दिली असेल तर. त्याचा पोर्ट साधारण ५०६१ असतो. टीएलएसमध्ये निरोप कुलूपबंद जातो, राउटरला वाचताच येत नाही मग ढवळाढवळ कशी करणार. टीएलएसवर चाललं तर चोर राउटरच.

त्यानंतर स्टन. सॉफ्टफोनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये स्टन सर्व्हर लिहायची जागा असते, पोर्ट ३४७८. स्टनचं काम एवढंच की तुमचा फोन त्याला विचारतो "बाहेरून मी कोणत्या पत्त्याचा दिसतो?" आणि तो सांगतो. मग निरोपात खरा पत्ता जातो. पण काही राउटर प्रत्येक नवीन ठिकाणासाठी वेगळा पोर्ट उघडतात, तिथे स्टनने सांगितलेलं उत्तर उपयोगाचं राहत नाही, मग टर्न नावाचा मधला सर्व्हर लागतो जो सगळा आवाज स्वतःमधून फिरवतो. आइस म्हणून पर्याय दिसला तर चालू करा, तो हे सगळे रस्ते स्वतःच चाचपून जो चालेल तो धरतो. स्टन, टर्न कोणता लिहायचा ते ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारा, मनाने कुठला तरी टाकू नका. आणि ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची कुलूपबंद वाट) चालू असेल तर एकदा बंद करून बघा हे राहिलंच, कधी कधी सगळा घोळ तिथेच असतो.

एक गोष्ट मात्र करू नका. कोणीतरी सांगेल की राउटरमध्ये ५०६० पोर्ट सरळ उघडून द्या, डीएमझेड लावा (म्हणजे तुमचा कॉम्प्युटर सरळ इंटरनेटसमोर उघडा ठेवा). नको. हा पोर्ट उघडा आहे का हे शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात, पासवर्ड सोपा असेल तर तुमच्या अकाउंटवरून कोणीतरी भलत्याच देशात कॉल लावत बसतो आणि बिल तुमच्या ऑफिसला.

प्रश्न : सर, माझा प्रत्येक कॉल अर्ध्या मिनिटात कट होतो. आवाज दोन्हीकडून एकदम मस्त येतो आणि मग फट्. मी स्टॉपवॉच लावून बघितलं, दर वेळी ३२ सेकंद. कंपनीवाले म्हणतात नेट स्लो आहे.

मित्रा, स्टॉपवॉच लावलंस म्हणून तुला शंभर पैकी शंभर. नेट स्लो असतं तर कॉल कधी दहा सेकंदांत तुटला असता कधी पाच मिनिटांनी. दर वेळी तंतोतंत ३२ म्हणजे कोणीतरी घड्याळ लावून बसलंय, आणि खरंच बसलेलं असतं.

समोरच्याने फोन उचलला की त्याच्याकडून "उचलला" असा निरोप येतो, त्याचा नंबर २००. त्यावर तुझ्या फोनने "पोचलं" अशी पावती द्यायची असते, तिला एसीके म्हणतात. पावती मिळाली नाही की समोरचा पुन्हा "उचलला" पाठवतो, अर्ध्या सेकंदाने, मग एक सेकंदाने, मग दोन, मग दर चार सेकंदांनी. असं किती वेळ करायचं हे नियमात लिहिलेलं आहे, मूळ अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट. कर हिशोब, बरोबर ३२. तेवढ्यात पावती आली नाही तर तो समजतो की पलीकडे कोणी नाहीच आणि फोन ठेवतो. २००२ साली आलेल्या आरएफसी ३२६१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे नंबर दिलेले कागद) हे असंच आहे, एसआयपीचा मुख्य कागद तोच. गंमत म्हणजे या ३२ सेकंदांत तुम्ही दोघं मजेत बोलताय, कारण आवाजाची वाट वेगळी. तिकडे निरोपवाला दारावर थापा मारून मारून शेवटी निघून जातो.

आता पावती का पोचत नाही, तर वरच्या ताईंचंच दुखणं, फक्त दुसऱ्या जागी. निरोपात "कॉन्टॅक्ट" म्हणून एक ओळ असते, त्यात घरातला पत्ता राहिला की पावती चुकीच्या दारात जाते. त्यामुळे उपाय तेच, आधी एएलजी बंद, मग टीएलएस किंवा टीसीपी (पोचल्याची खात्री करून पाठवायची पद्धत), मग स्टन. आणि सर्व्हर तुमच्याच कंपनीचा असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये त्याचा स्वतःचा बाहेरचा पत्ता नीट लिहिलाय का तेही त्यांना बघायला सांग. कंपनीवाल्यांना "नेट स्लो नाही, एसीके पोचत नाहीये" एवढं एकच वाक्य बोल, पुढची भाषा बदलते असा अनुभव आहे.

अजून एक आकडा लक्षात ठेव, कॉल १५ मिनिटांच्या किंवा ३० मिनिटांच्या आसपास दर वेळी तुटत असेल तर ते सेशन टायमर. दोन्ही बाजू अधूनमधून "आहेस ना रे?" विचारतात, बऱ्याच ठिकाणी मुदत १८०० सेकंदांची असते आणि विचारणा अर्ध्यात म्हणजे ९०० सेकंदांना होते. ती विचारणा वाटेत हरवली की कॉल गेला.

प्रश्न : मोबाईलवर अ‍ॅप उघडं असेल तरच कॉल येतो. बंद केलं की लोक म्हणतात तुमचा फोन लागत नाही. मी लावलेले कॉल मात्र जातात.

काका, दोन कारणं असतात आणि दोन्ही एकाच वेळीपण असू शकतात.

पहिलं राउटरचं. तुमचा फोन सर्व्हरकडे जाऊन नाव नोंदवतो, "मी इथे आहे", याला रजिस्टर होणं म्हणतात. ही नोंद कित्येकदा ३६०० सेकंद म्हणजे तासभर धरली जाते. पण राउटरने त्यासाठी उघडलेली खिडकी यूडीपीवर एक-दोन मिनिटांत, काही राउटरमध्ये तर ३० सेकंदांतच बंद होते. म्हणजे सर्व्हरला वाटतं तुम्ही घरात आहात आणि इकडे दाराला आतून कडी. तुम्ही स्वतः कॉल लावता तेव्हा दार आतून उघडतं म्हणून तो जातो. उपाय सोपा, सेटिंगमध्ये कीप-अलाइव्ह (खिडकी उघडी राहावी म्हणून अधूनमधून जाणारं छोटं पॅकेट) शोधा आणि १५ ते २५ सेकंदांच्या मध्ये काहीतरी ठेवा, किंवा टीसीपी / टीएलएस वापरा, त्यांची खिडकी बरीच जास्त वेळ उघडी राहते.

दुसरं मोबाईलचं. आजकालचे फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप झोपवतात. अँड्रॉइडवर त्या अ‍ॅपसाठी बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, मागून डेटा वापरायला परवानगी द्या, नोटिफिकेशनची परवानगी तपासा. आयफोनवर अ‍ॅपला असं मागे जागं ठेवता येत नाही, तिथे पुश नोटिफिकेशन हाच मार्ग, आणि त्यासाठी अ‍ॅप आणि सेवा देणारा दोघांकडे ती सोय पाहिजे. नसेल तर तुम्ही कितीही सेटिंग केलंत तरी कॉल यायचा नाही, दुसरं अ‍ॅप बघा.

प्रश्न : कॉल लागला नाही की स्क्रीनवर ४०३, ४०८, ४८८ असले आकडे येतात. यांचा अर्थ कुठे बघायचा?

इथेच बघा. हे आकडे वेबसाइटवाल्या ४०४ च्याच घराण्यातले आहेत, एसआयपीने ती पद्धत वेबकडूनच उचलली. ४ ने सुरू झाला तर तुमची मागणी या ठिकाणी मान्य झाली नाही, ५ असेल तर सर्व्हरचं काहीतरी बिनसलंय, ६ असेल तर कुठेच जमणार नाही.

४०१ आणि ४०७ दिसले तर घाबरू नका, ती चूक नाही, सर्व्हर फक्त पासवर्ड मागतोय आणि फोन तो देतो. एकामागून एक तेच येत राहिले तर पासवर्ड चुकलाय. ४०३ म्हणजे ओळखलं, पण परवानगी नाही, बॅलन्स संपलेला असेल, बाहेरदेशी कॉल बंद असतील, युजरनेमच्या जागी भलतंच लिहिलं असेल. ४०४ असा नंबरच नाही, आणि यात दहापैकी आठ वेळा नंबर खरा असतो, लिहायची पद्धत चुकलेली असते, म्हणजे देशाचा कोड पाहिजे की नको, पुढे अधिक चिन्ह पाहिजे की दोन शून्य. ४०८ म्हणजे विचारलं पण कोणी उत्तरच दिलं नाही, इथे फायरवॉल आणि सर्व्हरचा पत्ता तपासा. ४८० म्हणजे ती व्यक्ती आत्ता नाहीये, बहुतेक तिचा फोन रजिस्टर नाही. ४८६ बिझी. ४८७ तर तुम्हीच कॉल उचलायच्या आधी ठेवलात त्याचा, त्यावरून मला रागावून पत्र लिहू नका, मागे एकाने लिहिलं होतं. ६०३ म्हणजे समोरच्याने कापला, त्याला तंत्रज्ञान काही करू शकत नाही.

४८८ जरा वेगळा आहे. याचा अर्थ दोघांची आवाजाची भाषा जुळली नाही. आवाज पॅकेटमध्ये भरायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात, तुमच्या फोनमध्ये फक्त ओपस चालू आणि समोर फक्त जी.७११ असेल तर बोलणार कसं. कोडेकच्या यादीत जाऊन जी.७११ चे दोन्ही प्रकार, ए-लॉ आणि म्यू-लॉ, चालू ठेवा, १९७२ पासूनची पद्धत आहे, जवळपास सगळ्यांना येते. आणि एका बाजूला एसआरटीपी म्हणजे कुलूपबंद आवाज सक्तीचा असेल, दुसऱ्याला येत नसेल, तरी ४८८ येऊ शकतो.

प्रश्न : माझं नेट १०० एमबीपीएस आहे, स्पीड टेस्टपण तेवढीच येते. तरी संध्याकाळी आवाज रोबोटसारखा येतो, शब्द गाळले जातात.

त्या १०० चा इथे काही उपयोग नाही हो. जी.७११ चा एक कॉल हेडर वगैरे सगळं धरून एका दिशेला साधारण ८७ केबीपीएस खातो. म्हणजे रुंदीचा प्रश्नच नाही. प्रश्न वेळेचा आहे. दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५०, आणि ती ठरलेल्या तालात पोचायला पाहिजेत. व्हिडिओ बघताना पुढचं आधीच भरून ठेवता येतं, बोलण्याचं काय भरून ठेवणार, माणूस अजून बोललेलाच नाही. फोन थोडंसं साठवून ताल सांभाळतो, त्याला जिटर बफर म्हणतात (जिटर म्हणजे पॅकेटचा ताल चुकणं), पण उशिरा आलेलं पॅकेट शेवटी टाकूनच द्यावं लागतं. तेच तुमचे गाळलेले शब्द. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते, त्याच्या फार पुढे गेलं की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात.

संध्याकाळीच का? घरातले सगळे फोन तेव्हा फोटोंचा बॅकअप टाकत असतील. अपलोडची रांग लागली की तुमचा चिमुकला आवाज त्या धटिंगण फायलींच्या मागे उभा राहतो. तपासायला पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा आणि मुद्दाम एखादी मोठी फाइल अपलोड करा, ३० मिलिसेकंदांचे ४००-५०० व्हायला लागले तर सापडलं. राउटरमध्ये क्यूओएस (कोणाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवायची सोय) असेल तर कॉलला पुढचा नंबर द्या आणि अपलोडची मर्यादा खऱ्या वेगापेक्षा जरा खाली बांधा. आणि सगळ्यात आधी, फुकटात, लॅपटॉपला केबल लावून बघा. भिंतीपलीकडच्या वायफायवर बसून मला जिटरबद्दल विचारणारे बरेच आहेत.

प्रश्न : "१ दाबा, २ दाबा" वाल्या नंबरवर दाबलेलं काही कळतच नाही त्यांना.

सेटिंगमध्ये डीटीएमएफ (दाबलेल्या बटणांचे आवाज पाठवायची पद्धत) शोधा, तिथे "इनबँड" असेल तर बदलून आरएफसी २८३३ करा (काही ठिकाणी ४७३३ लिहिलेलं असतं, ती त्याचीच नवीन आवृत्ती). इनबँडमध्ये बटणाचा टूं आवाज तुमच्या बोलण्यातूनच जातो आणि आवाज दाबून लहान करणारा कोडेक असेल तर तो टूं ओळखू येत नाही. दुसऱ्या पद्धतीत "१ दाबलं" अशी वेगळी नोंद जाते. तरी चाललं नाही तर एसआयपी इन्फो हा पर्याय.

प्रश्न : सपोर्टवाले "लॉग पाठवा" म्हणतात. काय पाठवायचं, आणि पाठवणं सुरक्षित आहे का?

ताई, नुसतं "कॉल लागत नाही" लिहिलं की ते तुम्हाला परत अ‍ॅप टाकायला लावतील. त्याऐवजी कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरवर, किती वाजून किती मिनिटांनी, किती सेकंदांनी काय झालं, आकडा कोणता आला आणि दुसऱ्या नेटवरून काय होतं, एवढं लिहा. लॉगमध्ये कॉल-आयडी नावाची लांबलचक ओळ असते ती द्या, त्यावरून त्यांना त्यांच्या बाजूला तोच कॉल सापडतो. स्वतः बघायची हौस असेल तर वायरशार्क घ्या, त्यात टेलिफोनी मेनूत व्हीओआयपी कॉल्स असं आहे, निरोप कुठून कुठे गेले त्याचं चित्रच काढून देतं. मी पहिल्यांदा ते चित्र बघितलं तेव्हा दोन संध्याकाळी घालवल्या होत्या, सगळे बाण बरोबर, सगळं जागच्या जागी, तरी आवाज नाही. शेवटी हेडसेटच्या वायरवरचं म्यूटचं बटण दाबलेलं निघालं. त्यामुळे आधी ते बघा, आणि माईकची परवानगी दिलीये का तेही.

सुरक्षिततेचं म्हणाल तर लॉगमध्ये तुमचे नंबर, पत्ते आणि पासवर्डवरून बनवलेली सांकेतिक ओळ असते. सपोर्टला द्या, चारचौघांत टाकू नका, आणि काम झालं की पासवर्ड बदला.

प्रश्न : फोनवर बोलताना मला माझाच आवाज परत ऐकू येतो. नवीन माईक घेऊ का?

नको नको! तुमचा आवाज समोरच्याच्या स्पीकरमधून निघून त्याच्याच माईकमध्ये शिरतोय आणि परत येतोय. ज्याला ऐकू येतं त्याची चूक नसते. त्यांना हेडफोन लावायला सांगा, ते म्हणतील "मला तर काही ऐकू येत नाही, तुझ्याकडेच प्रॉब्लेम आहे". तरी लावायला सांगा.